खारपाणपट्ट्यातलं तेजपान

वच्छला पुण्याला गेली तेव्हा तीन महिन्यांसाठी म्हणून गेली होती. मुलगा शिवम तिथेच राहायचा. त्याच्या बायकोचं, पौर्णिमाचं बाळंतपण, बाळाचं न्हाऊमाखू, पौर्णिमाची रजा संपेपर्यंतचे दिवस, आणि मग परत. खुशालरावांनी, तिच्या नवऱ्याने, स्वतः तिला दर्यापूरहून अकोल्याला नेलं, पुण्याच्या गाडीत खिडकीपाशी बसवलं, पाण्याची बाटली भरून हातात दिली. नात झाली. तिचं नाव खुशी ठेवलं. पौर्णिमाची रजा संपली, ती नोकरीवर जाऊ लागली, आणि लेकरू दिवसभर कोणाच्या हवाली करायचं हा प्रश्न काही सुटला नाही. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं. आता खुशी चौथ्या वर्षात होती आणि वच्छला अजून पुण्यातच होती. दिवाळीला सगळे चार दिवस गावी येत. जाताना वच्छला दरवर्षी म्हणायची, येत्या उन्हाळ्यात येतेच. ती खोटं बोलत नव्हती. दरवेळी काहीतरी निघायचं, इतकंच.

गाव दर्यापूरपासून दोन कोसांवर. चार खोल्यांचं घर, पुढे अंगण, मागे वाडी. वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत खुशालरावांनी कधी चूल पेटवली नव्हती. पहिला महिना शेजारच्या भगवंतरावांची बायको गंगूबाई दोन भाकरी आणि भाजी पाठवायची. मग खुशालरावांनाच लाज वाटू लागली. ते खिचडी शिकले, मग बेसन शिकले. भाकर मात्र कधी गोल झाली नाही. खिचडी केली की गंजातूनच, म्हणजे शिजवल्या पातेल्यातूनच, खायची, उभ्याउभ्याच, कारण एका माणसासाठी ताट मांडून बसायला त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. घरात आवाज असावा म्हणून टीव्ही लावून ठेवायचा आणि स्वतः मागच्या वाडीत जाऊन बसायचं.

वाडीत वच्छलाचं तेजपान होतं.

हे तमालपत्राचं झाड त्या गावात असण्याचं काही कारण नव्हतं. सगळा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कपाशी-तुरीला सोन्यासारखी, पण शंभर हात खोल गेलं तरी बोअरला जे पाणी लागतं ते तोंडात धरवत नाही. त्या पाण्याने भांडी घासली की सुकल्यावर पांढरी होतात. गावात निंब, बाभळी, कुठे एखादी बोर. वच्छला चांदूर बाजारकडची. तिच्या माहेरी गोड्या पाण्याची विहीर, संत्र्याचा बगीचा, आणि विहिरीच्या थारोळ्याशी, जिथे मोटेचं पाणी पडायचं तिथे, तिच्या बापाने हौसेने लावलेली नाना झाडं. लग्न होऊन ती या गावात आली आणि तीस वर्षं मागच्या वाडीत तिने जे जे लावलं ते ते दोन उन्हाळ्यांत जळालं. जाई जळाली, पेरू जळाला, संत्र्याचं कलम तर पहिल्या वैशाखातच गेलं.

नऊ वर्षांपूर्वी गावातल्या बायकांसोबत ती चिखलदऱ्याला गेली होती. येताना परतवाड्याच्या एका रोपवाटिकेत जीप थांबली. तिथे तिने हे वीतभर रोप उचललं. पान चुरगाळलं की लवंग आणि दालचिनी एकत्र कुटल्यासारखा वास. पानगळ नाही, बारमाही हिरवं. रोपवाल्याने विचारलं, गाव कोणतं? गावाचं नाव ऐकून तो म्हणाला, बाई, हे न्या हवं तर, पण तुमच्या पाण्यात हे जगणार नाही. वच्छलाने रोप मांडीवर घेतलं आणि जीपमध्ये जाऊन बसली.

तिने मात्र या वेळी घाई केली नाही. आधी वाडीच्या पश्चिमेच्या भिंतीशी, जिथे दुपारनंतर सावली येते, तिथे छातीएवढा खड्डा खणून घेतला. त्यातली काळी माती उचलून बाहेर टाकली. तळाला रेती घातली, वर परतवाड्याहून आणवलेली लाल माती, शेणखत आणि कुजलेला पाला. पाणी फक्त नळाचं. नळाची पाळी आठ दिवसांनी यायची. त्यात पिण्याचं, स्वयंपाकाचं भरून झालं की दोन गुंड, म्हणजे दोन मोठ्या कळश्या, तेजपानाचे. ती तांदूळ धुतलेलं पाणी साठवायची, डाळ धुतलेलं साठवायची, पानं पिवळी पडायला लागली की बुडाशी पातळ ताक ओतायची. उन्हाळ्यात बुडाभोवती कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर आणि वर हिरवी जाळी. खुशालराव हसायचे. म्हणायचे, इतकं तर आपल्या शिवमलेही जपलं नाही तू. पण झाड जगलं. सहा वर्षांत ते भिंतीच्या वर गेलं. नवी पालवी फुटली की ती आधी तांबूस-गुलाबी असायची, आठवड्याभराने हिरवी व्हायची. गावात कोणाकडे लग्नाचा स्वयंपाक निघाला की आचारी पानं मागायला यायचा. वच्छला कात्रीने देठाशी कापून मोजकी पानं द्यायची, फांदी ओरबाडू द्यायची नाही.

पुण्याला जाताना तिने हे सगळं त्यांना समजावून दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं नाही असं नाही; पण समजलं ते करता करताच.

वच्छला रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायची. त्या वेळी खुशी कार्टून पाहत असे आणि पौर्णिमा घरी आलेली नसे. सुरुवातीला फोनवर काय बोलावं हेच दोघांना कळेना. चाळीस वर्षं एका घरात काढली, पण बोलणं म्हणजे पाणी आण, दार लाव, उद्या फवारणी आहे, असंच. जेवले काय, जेवलो. तब्येत बरी हाये काय, बरी हाये. मग दोघं गप्प. मग कोणीतरी म्हणायचं, ठेवू मंग. एकदा असंच गप्प झाल्यावर ती म्हणाली, तेजपान कसं हाये? खुशालराव म्हणाले, खालच्या दोन पानांवर डाग दिसतात. ती म्हणाली, पानाच्या मागून पाहा, चिकट काही लागते काय हाताले. ते फोन हातात धरूनच वाडीत गेले, पान उलटं करून पाहिलं, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा दहा मिनिटं बोलले.

तेव्हापासून तेच सुरू झालं. ते दिवसभर झाडाकडे बारीक लक्ष ठेवू लागले, कारण संध्याकाळी सांगायला काहीतरी लागायचं. पालवी कुठल्या फांदीला फुटली, ताक कधी घातलं, जाळी कुठे फाटली. दर दोन-तीन महिन्यांनी पानं सावलीत वाळवून, वर्तमानपत्रात बांधून ते पुण्याला पाठवायचे. भगवंतरावांचा नितेश पुण्यातच कामाला होता, तो गावी आला की पुडकं त्याच्याकडे द्यायचं. वच्छला सांगायची, भात केला तर अख्ख्या मजल्यावर वास गेला.

तिसऱ्या वर्षी वैशाखात वच्छलाच्या भावाच्या, मनोजच्या, पोरीचं लग्न निघालं. पौर्णिमाला ऑफिसात सुट्टी नव्हती, म्हणून वच्छलाला येता आलं नाही. माहेरचं लग्न चुकलं याचं तिने फोनवर काही दाखवलं नाही. फक्त म्हणाली, तुमी जा, दोन दिवस राहून या. खुशालराव चांदूर बाजारला गेले. त्यांनी आदल्या दिवशी तेजपानाला पोटभर पाणी दिलं होतं.

दोन दिवसांसाठी गेलेले ते सहा दिवस राहिले. लग्न दुसऱ्या दिवशी उरकलं, पाव्हणे पांगले, तरी मनोज म्हणाला, भाऊजी, थांबा ना, घरी कोन वाट पाहून राहिलं तुमची? हे तो सहज बोलला. खुशालराव थांबले. सकाळी कोणीतरी चहा आणून द्यायचं. दुपारी पंगतीत बसून जेवायचं, वाढणारी आग्रह करायची. संध्याकाळी विहिरीच्या थारोळ्यावर चार माणसं बसायची, गप्पा निघायच्या, आणि कोणीतरी त्यांनाही विचारायचं, तुमच्याकडे कसं काय. रात्री अंगणात ओळीने खाटा पडत. शेजारच्या खाटेवर माणूस घोरतोय हे ऐकत झोप लागण्यात काय सुख असतं ते त्यांना त्या सहा दिवसांत कळलं. फोनवर त्यांनी वच्छलाला सांगितलं की मनोज सोडत नाही. तेही काही खोटं नव्हतं.

ते गावी परतले तेव्हा नळाची पाळी येऊन गेली होती. टाक्यात हातभर पाणी होतं, ते पिण्यापुरतं. पुढची पाळी आलीच नाही. कुठेतरी मोठा पाइप फुटला होता आणि दुरुस्तीला वेळ लागणार होता. पारा सेहेचाळिसावर. गावभर लोक हंडे घेऊन टँकरमागे धावत होते. अशात दोन गुंड गोडं पाणी झाडाला ओततो असं म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. तेजपानाची पानं दुपारी माना टाकायची. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. त्यांनी बोअर सुरू केला आणि पाइप झाडाच्या बुडाशी सोडला. त्यांनी मनाशी म्हटलं, एकदा दिल्याने काय होते. संध्याकाळी झाड टवटवीत दिसलं. मग त्यांनी दोन दिवसांनी पुन्हा दिलं. मग पुन्हा.

आठवड्याभरात पानांच्या कडा विस्तवाजवळ धरल्यासारख्या तपकिरी झाल्या. मग तो रंग आत आत सरकू लागला. खुशालरावांनी गंगूबाईकडून एक गुंड गोडं पाणी मागून घातलं, ताक घातलं, बुडाची वरची माती खरवडून फेकली. नळ पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांनी स्वतःची अंघोळ बोअरच्या पाण्याने केली आणि नळाचं सगळं पाणी झाडाला दिलं. ज्या झाडाची कधी पानगळ होत नसे त्याच्याखाली पानांचा ढीग पडला. त्यांनी नखाने खोडाची साल खरवडून पाहिली. आत ओल होती. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहिली, तेव्हा आत काडीसारखं कोरडं होतं.

त्या संध्याकाळी सात वाजता वच्छलाने विचारलं, तेजपानाले पाणी देल्लं काय? खुशालराव म्हणाले, देल्लं.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. उद्याही तसंच झालं. मृगाचा पाऊस येऊन गेला, पेरण्या आटोपल्या, आणि एके दिवशी वच्छलाने पानं मागितली. खुशालराव दर्यापूरला गेले, किराण्याच्या दुकानातून तेजपान घेतलं. घरी येऊन त्यातली मोडकी, भोकं पडलेली पानं काढली, चांगली निवडून ओल्या फडक्याने पुसली, वाळवली, वर्तमानपत्रात बांधली आणि नितेशकडे दिली. चार दिवसांनी वच्छला म्हणाली, पोचलं पुडकं. चांगली हायेत पानं.

ते सुटल्यासारखे झाले. आणि मग ते रचून सांगू लागले. पहिल्यांदा थोडंच, वरच्या फांदीला पालवी फुटली, तांबूस आहे. पुढे हात सैल झाला. एका दुबेळक्यात, दोन फांद्यांच्या बेचक्यात, बुलबुलाने घरटं केलंय. अंडी तीन आहेत. मांजर फिरतं म्हणून खोडाला काटे बांधलेत. एक अंडं खाली पडलं. दोन पिल्लं निघाली. भगवंतरावांच्या निंबावर खरोखरीच बुलबुलाचं घरटं होतं. ते रोज सकाळी कुंपणापाशी उभे राहून ते पाहायचे आणि संध्याकाळी आपल्या वाडीत आणायचे. वच्छला बारीकसारीक विचारायची. पिल्लांना पंख आले काय, आई केव्हा येते, पावसात भिजत नाहीत काय. बोलणं वीस-वीस मिनिटं चालायचं. फोन ठेवल्यावर ते वाडीत जायचे. तिथे उघड्या वाळक्या फांद्या उभ्या असायच्या. मग त्यांच्याने जेवण व्हायचं नाही.

भादव्यात वच्छला म्हणाली, पौर्णिमाची आई पंधरा दिवस इकडे येऊन राहते म्हणते, तर मी महालक्ष्म्यांना येते. एकटीच येते.

किती दिवसांपासून खुशालराव हेच ऐकायला बसले होते, आणि ऐकल्यावर ते फोन हातात धरूनच वाडीत त्या वाळलेल्या झाडाशी गेले. दुसऱ्या दिवशी ते परतवाड्याला गेले. ती रोपवाटिका त्यांनी शोधून काढली. तेजपानं होती, पण गुडघ्याएवढी. मोठं झाड मिळेल काय, त्यांनी विचारलं. केवढं? त्यांनी डोक्याच्या वर हात धरून दाखवला. माणूस म्हणाला, एवढं व्हायले आठ-नऊ वर्षं लागतात काका, तुमी हेच न्या. खुशालरावांनी रोपाच्या पानाला हात लावला आणि तसेच परतीच्या जीपकडे वळले. घरी आल्यावर कुऱ्हाड घेऊन झाडाशी गेले. पण झाड तोडलं तरी ते का तोडलं हे सांगावं लागणारच होतं. कुऱ्हाड त्यांनी जागेवर ठेवली.

अकोल्याच्या स्टेशनवर वच्छला उतरली तेव्हा ती त्यांना बारीक दिसली. गुडघा धरून उतरत होती. बसमध्ये ती खुशीचं सांगत राहिली, शाळेचं, तिच्या हट्टाचं. झाडाचं तिने एका शब्दाने विचारलं नाही. खुशालरावांना वाटलं, थकली असेल.

घरी आल्यावर तिने पायांवर पाणी घेतलं आणि सरळ मागच्या दारातून वाडीत गेली. खुशालराव स्वयंपाकघरात उभे राहिले. बऱ्याच वेळाने ती आत आली, डबे उघडून चहा-साखर शोधली, चहा ठेवला, दोन कप भरले. दुसऱ्या दिवशी घर झाडलं, महालक्ष्म्यांचे मुखवटे काढून पुसले, गंगूबाईला बोलावून फराळाचं करायला घेतलं. गंगूबाई दुपारी घरी गेली. वच्छला एकटीच करंज्या लाटत बसली होती तेव्हा खुशालराव येऊन उंबऱ्यावर बसले.

"तेजपान गेलं, वच्छला."

"पायलं मी."

"उन्हाळ्यातच गेलं. बोअरचं पाणी देल्लं मी. तुले खोटं सांगत होतो."

लाटणं थांबलं नाही. "मले त्या पुडक्यातच समजलं," ती म्हणाली. "आपल्या पानाचं देठ कात्रीनं कापलेलं रायते. त्या पानाईले काड्या होत्या. अन् वास नव्हता कोनताच. पुसून पाठवली होती तुमी, ते बी दिसलं."

खुशालरावांना वर पाहवेना. ते खाली फरशीकडे पाहत म्हणाले, "मंग बोलली काहून नाई?"

तिने सारण भरलं, करंजी मिटली, कड दुमडत दुमडत शेवटपर्यंत नेली.

"बोलली असती तर फोनवर राहलं काय असतं आपल्याले? जेवले काय, जेवलो. ठेवू मंग." तिने पुढची लाटी घेतली. "तिथं माह्यासंगं दिवसभर कोनी बोलत नाई हो. वाईट नाईत ते, चांगलेच हायेत. पण सकाळी जातात, रातच्याले येतात, कानात ते घालून बसतात. अकराव्या मजल्यावर मी. खाली पाह्यलं त चक्कर येते. तुमी बुलबुलचं सांगत होते, मी आयकत होती. खोटं हाये मालूम होतं. तरी सात वाजाची वाट पाहत होती."

"पिल्लं खरी होती," खुशालराव म्हणाले. "भगवंतरावच्या निंबावर होती."

"हो काय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिने हातातलं काम खाली ठेवलं. "उडून गेली?"

"गेली. दोनी."

खुशालराव उठले, हात धुऊन आले आणि तिच्यासमोर बसून करंज्यांच्या कडा दुमडू लागले. त्यांना ते जमत नव्हतं. तिने दुरुस्त केलं नाही.

महालक्ष्म्या बसल्या, जेवल्या, उठल्या. मागच्या तीन वर्षांत घरात एवढी माणसं आली नव्हती. वच्छला अकरा दिवस राहिली. त्या अकरा दिवसांत खुशालरावांच्या ओठांवर अनेकदा आलं की आता जाऊ नको. पण त्यांनी ते म्हटलं असतं तर ती थांबली असती, आणि तिथे पौर्णिमाला नोकरी सोडावी लागली असती. तिनेही दोनदा म्हटलं, तुमीच चला ना तिकडे. ते म्हणाले, पाहू, सोयाबीन निघू दे. ते जाणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. अकराव्या मजल्यावर आणखी एक माणूस नेऊन बसवण्यात काय अर्थ होता?

जायच्या दिवशी अकोल्याला गाडी अर्धा तास उशिरा होती. फलाटावरच्या बाकावर दोघं बसले. तिच्या पिशवीत करंज्यांचा डबा, खुशीसाठी मुरमुऱ्याचे लाडू, तुरीची डाळ. गाडीची सूचना झाली तेव्हा ती उठता उठता म्हणाली, "त्या खड्ड्यात इतक्यात काही लावू नका. माती खारट झाली. दोन पावसाळे जाऊ द्या, खार धुवून गेला पायजे. मंग पाहू."

"बरं," खुशालराव म्हणाले.

गाडी गेली. ते बसस्थानकावर आले, दर्यापूरची बस मिळाली, खिडकीशी जागा मिळाली. म्हैसांगच्या पुढे पूर्णेचा पूल ओलांडताना त्यांच्या ध्यानात आलं. हा पावसाळा संपत आलाच होता. म्हणजे येता एक आणि त्यानंतरचा एक. तोवर खुशी पहिलीत जायला आली असेल, दिवसभर शाळेत राहू लागेल. वच्छलाने हा हिशेब बोलण्याआधीच केला असणार. तिला त्यांच्यासमोर तो आकडा उच्चारायचा नव्हता, म्हणून तिने मातीचं सांगितलं. आणि मातीचं तिने सांगितलं तेही खरंच होतं. खुशालराव बाहेर पाहत राहिले. कुठे कपाशीत पाणी साचलं होतं, कुठे बायका निंदत होत्या. शेजारचा माणूस कुठे जाता म्हणून विचारत होता, त्याने दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाळलेलं झाड तोडलं. बुंधा खणायला दोन दिवस लागले. मुळं खोल गेली होती. लाल माती संपून काळ्या मातीतही हातभर शिरली होती. खड्ड्याच्या कडेला, वाळलेल्या मातीवर, पिठासारखा पांढरा थर होता. तो त्यांनी खरवडून पोत्यात भरला आणि गावाबाहेर नेऊन टाकला. मग त्यांना वाटलं, खार नुसता धुऊन चालणार नाही. धुतलेलं पाणी खड्ड्यातच बसलं तर खार तिथेच राहील. म्हणून त्यांनी खड्ड्याच्या तळापासून वाडीच्या उताराला, भिंतीच्या मोरीपर्यंत चर खणायला घेतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी भगवंतराव कुंपणाशी येऊन उभे राहिले. पाहून म्हणाले, "एवढं खोदून काय लावून राहिले खुशालराव?"

"काही लावत नाई," खुशालराव म्हणाले. "पान्याले जायाची वाट करून राहिलो."

भगवंतराव काही कामासाठी घरात गेले. खुशालरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा कुदळ उचलली. मोरीपर्यंत अजून सात-आठ हात चर बाकी होता.